दिवाळीत दारी येणारे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या सीमेवर मराठी शाळा जगवली. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय इथल्या मातीतला हवा. संयोजकांनी मला एखाद्या मोठ्या सणामागच्या कथा आणि परंपरा यांवर बोलायला सांगितलं, आणि मी दिवाळी निवडली. का निवडली? कारण या मुलखात एकाच अवसेच्या आगेमागे मराठी घरात एक दिवाळी होते, तेलुगू घरात दुसरी, लमाणांच्या तांड्यावर तिसरी आणि गोंड-कोलामांच्या गुड्यांवर, म्हणजे वाड्यांवर, चौथी. पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेल्या माणसाला हे पुस्तकातून गोळा करावं लागतं. तुम्हाला त्यासाठी फक्त सायकलवर टांग टाकावी लागते.

आपल्या आदिलाबादच्या उत्तरेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे यवतमाळ, पश्चिमेला किनवट. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यांची रेघ ओढली गेली, पुढे 2014 साली तेलंगण झालं, 2016 साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सोयरिकी मात्र रेघ पाहून जुळल्या नाहीत आणि सणही रेघ पाहून थांबले नाहीत. म्हणून आज मी दिवाळी या सीमेवरून पाहणार आहे.

वर्गात मुलांना विचारा, दिवाळी का साजरी करतात? निम्म्याहून जास्त हात वर येतील आणि उत्तर एकच येईल: प्रभू रामचंद्र अयोध्येला परतले म्हणून. उत्तर प्रेमाचं आहे, त्यात खोटं काही नाही. पण घरी जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपल्या दिवाळीच्या दिवसांची नावं वाचा. वसुबारस. धनत्रयोदशी. नरकचतुर्दशी. लक्ष्मीपूजन. बलिप्रतिपदा. भाऊबीज. यात रामाचं नाव आहे का? नाही. गाय-वासरू आहे, धन्वंतरी आहे, नरकासुर आहे, लक्ष्मी आहे, बळी आहे, भाऊ आहे. रामाची कथा उत्तरेकडच्या दिवाळीचा कणा आहे. आपल्याकडे ती आली आणि तिला मानाची जागा मिळाली. पण आपल्या बायकांनी, गुराख्यांनी, शेतकऱ्यांनी ज्या कथा दिवसांच्या नावात बांधून ठेवल्या, त्या वेगळ्या आहेत. रामायण आपल्या शेतात येतं तेसुद्धा सीतेच्या पावलांनी. वऱ्हाडात आणि आपल्याकडेही जुनी माणसं कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हात जोडायचे आणि मगच पहिलं बोंड ओट्यात टाकायचं. दिवाळीच्या तोंडावर होणारा हा केवढा मोठा सण आहे! त्याला सुट्टी नाही, त्याची जाहिरात नाही.

मग दिवाळीच्या या सगळ्या कथांना जोडणारं सूत्र कोणतं? प्रकाशाचा अंधारावर विजय, असं आपण भाषणात म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. कथा नीट ऐका. प्रत्येक दिवशी कुणीतरी दाराशी येतं. कधी गाय येते, कधी यम येतो, कधी लक्ष्मी, कधी हरलेला राजा, कधी भाऊ, कधी दुसऱ्या गावची अख्खी मंडळी. आणि आपण सारवतो, रांगोळी घालतो, दिवा लावतो, ओवाळतो, खाऊ घालतो. दिवाळी हा पाहुणचाराचा सण आहे. जिंकल्याचा आनंद त्यात आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की जो हरला, ज्याची भीती वाटते, जो परका आहे, त्यालाही या पाच-सहा दिवसांत उंबऱ्यापाशी मान मिळतो. मला आज एवढंच सांगायचं आहे. आता एकेक पाहुणा पाहू.

यमापासून सुरुवात करतो, कारण तो दिवाळीत दोनदा येतो आणि हे आपल्या फारसं लक्षात येत नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घराबाहेर कणकेचा दिवा लावतात, त्याची वात दक्षिणेकडे करतात. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावू नये म्हणून आजी रागावते आणि या एका संध्याकाळी तीच हात धरून वात फिरवून देते. कथा तुम्हाला ठाऊक आहे. एका राजपुत्राच्या कपाळी लग्नाच्या चौथ्या दिवशी मरण लिहिलेलं असतं. त्याची नवी नवरी दारात सोन्यानाण्याचा ढीग रचते, भोवती दिवे लावते आणि रात्रभर गाणी-गोष्टी सांगत नवऱ्याला जागं ठेवते. सर्परूपानं आलेला यम त्या झगमगाटानं दिपून जातो आणि पहाटे रिकाम्या हातानं परततो. म्हणजे त्रयोदशीला यम उंबऱ्याबाहेर आहे. त्याला दिवा दाखवायचा, पण आत घ्यायचं नाही.

आणि चारच दिवसांनी भाऊबीज. पुन्हा तोच यम. आता तो यमुनेच्या घरी पाटावर बसलाय, तिनं त्याला न्हाऊ घातलंय, ओवाळलंय, तो पोटभर जेवलाय आणि बहिणीला म्हणतो आहे, माग काय हवं ते. ज्याला त्रयोदशीला बाहेर ठेवलं तो द्वितीयेला भाऊ झाला! मृत्यूला आधी दिवा दाखवायचा आणि मग नात्यात घेऊन जेवू घालायचं, हे ज्या लोकांनी योजलं त्यांच्या मनाचा आवाका केवढा असेल? मला तर ही दोन टोकं जोडल्याशिवाय दिवाळी कळतच नाही.

आता नरकचतुर्दशी. इथे आपल्या सीमेचा खरा फायदा होतो. मराठी घरात कथा सांगतात, की प्राग्ज्योतिषपूरच्या नरकासुरानं अदितीची कुंडलं पळवली, सोळा हजार स्त्रियांना कोंडून ठेवलं, आणि श्रीकृष्णानं त्याला मारलं. सत्यभामा आमच्या कथेत असते, पण बहुतेक वेळा गरुडावर मागे बसलेली. हीच कथा शेजारच्या तेलुगू घरात ऐका. तिथे सत्यभामा धनुष्य हाती घेते. तिथे नरकासुराला वर आहे, की त्याच्या आईशिवाय त्याला कुणी मारू शकणार नाही. आणि सत्यभामा ही भूदेवीचा अवतार, म्हणजे नरकासुराची आईच. लोककथेत ती स्वतः त्याला मारते. याच तेलंगणच्या मातीतला पंधराव्या शतकातला महाकवी बम्मेरा पोतना. त्याच्या भागवतात शेवटचा घाव कृष्णाच्या चक्राचाच आहे, पण रणात उभी राहिलेली सत्यभामा त्यानं अशी रंगवली, की एकाच क्षणी तिचा एक चेहरा शत्रूकडे रागानं पाहतो आणि दुसरा कृष्णाकडे प्रेमानं. तेलुगू शाळेतल्या मुलांना हा प्रसंग तोंडपाठ असतो. आपल्या मराठी मुलांनीही तो शेजाऱ्याकडून ऐकावा.

आईनं मुलाला मारायचं ही कल्पना सोपी नाही. पुराणातली भूदेवी पाहा. मुलगा पडल्यावर ती स्वतः अदितीची कुंडलं कृष्णाच्या हाती देते आणि नातवाला, भगदत्ताला, त्याच्या पायाशी घालून म्हणते, याला अभय दे. कृष्ण अभय देतो. हाच भगदत्त पुढे भारतीय युद्धात हत्तीवर बसून कौरवांच्या बाजूनं लढला. म्हणजे अभय देताना कृष्णानं अट घातली नव्हती! आणि आपल्याकडच्या कथेत मरता मरता नरकासुर मागणं मागतो, की या तिथीला पहाटे जो अभ्यंगस्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये. ते मागणं मान्य होतं. कोकणात पायाच्या अंगठ्यानं कारीट चिरडतात, गोव्यात नरकासुराचे मोठाले पुतळे पहाटे जाळतात. राग तिथे आहे, असू द्या. पण त्याच पहाटे आपण तेल-उटणं लावून जे न्हातो, ते त्या मेलेल्या शत्रूचं शेवटचं मागणं पुरवतो. शत्रूची अखेरची इच्छा दरवर्षी घरोघरी पाळायची, असा सण जगात आणखी किती ठिकाणी असेल?

अवसेच्या रात्रीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ती सर्वांची आहे आणि सर्वांना माहीत आहे. समुद्रमंथनातून लक्ष्मी आली, ती अवसेला घरोघर फिरते, स्वच्छ घर पाहते आणि तिथे थांबते. एक गोष्ट मात्र सांगतो. आपण लक्ष्मी म्हणून काय पुजतो? पैसे-दागिने पुजतो, वह्या-चोपड्या पुजतो, आणि नवी केरसुणीही पुजतो. शिंदीच्या पानांची ती केरसुणी, तिला हळदकुंकू वाहायचं, मगच ती वापरायला काढायची. जिच्या हातात वर्षभर केरसुणी असते तिच्या कामाला देवघरात आणणारी रात्र आहे ही. आणि त्याच सुमारास तेलंगणातल्या पुष्कळ घरांत नोमू असतो, केदारेश्वराचं व्रत. एकवीस पदरांचा दोरा, एकवीस अरिसेलू, म्हणजे आपले अनारसेच म्हणा. त्यामागची कथा शिवपार्वतीची आहे. भृंगी ऋषी फक्त शिवालाच प्रदक्षिणा घालतो, पार्वतीला वगळतो. तिला ते लागतं. ती व्रत करते आणि शिवाच्या देहाचा अर्धा भाग मिळवते. एकाच गल्लीत एका घरी लक्ष्मी वाट पाहायला लावते आणि शेजारी गौरी आपला अर्धा हिस्सा मागून घेते! इकडे अडीचतीन तासांच्या अंतरावर नांदेडला शिखांच्या तख्त हुजूर साहिबात दिवाळीला गोदावरीचं पाणी आणून तख्तस्नान होतं. जैन बांधव त्याच अवसेला भगवान महावीरांचं निर्वाण स्मरतात. एका रात्रीत इतक्यांना जागा आहे.

आता ज्याच्यासाठी मी आलो त्या पाहुण्याकडे येतो. बळीराजा.

बळी हा प्रल्हादाचा नातू, विरोचनाचा मुलगा. दानशूर. त्याच्या यज्ञात बटू वामन येतो आणि तीन पावलं जमीन मागतो. गुरू शुक्राचार्य ओळखतात, सावध करतात, शेवटी झारीच्या तोटीत जाऊन बसतात आणि डोळा गमावतात. आजही कामात आडवा येणाऱ्याला आपण झारीतले शुक्राचार्य म्हणतो. बळी मागे हटत नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपतात. तिसरं कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर ठेव. इथवर सगळे सांगतात. पण पुढचं सांगायचं पुष्कळदा राहून जातं. भागवतात बळी सुतलात जातो आणि ज्यानं त्याला तिथे धाडलं तो विष्णू स्वतः गदा घेऊन त्याच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभा राहतो. जिंकलेला देव हरलेल्या राजाचा द्वारपाल! ज्या पुराणाला बळी लहान करायचा असता, त्यानं हे लिहिलं असतं का?

आणि ही आठवण किती जुनी आहे? सातव्या शतकातल्या सम्राट हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात दीपप्रतिपदेच्या उत्सवाचा उल्लेख आहे. त्यात नव्या जोडप्याला भेटवस्तू मिळतात, म्हणजे आपला दिवाळसणच. नाव पाहा, दिव्यांची प्रतिपदा. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी, 1030 च्या आसपास, अल्-बिरूनीनं भारतावरच्या आपल्या ग्रंथात दिवाळीची नोंद केली. तो कोणती कथा सांगतो? लक्ष्मी वर्षातून एकदा विरोचनपुत्र बळीला पाताळातून मोकळं करते, तो जगात येतो, म्हणून या सणाला बलिराज्य म्हणतात. खोरेझमहून गझनीला आणि तिथून इकडे आलेल्या या परदेशी विद्वानाला तेव्हाच्या लोकांनी दिवाळीची जी गोष्ट सांगितली, ती हरलेल्या राजाच्या परतण्याची होती.

तीच गोष्ट आपल्या बायकांनी एका आशीर्वादात जपली. पाडव्याला ओवाळताना म्हणतात, इडापिडा टळो आणि बळीचं राज्य येवो. विष्णूची पूजा करणाऱ्या घरातच म्हणतात. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त हाच धागा हाती घेतला. त्यांच्यासाठी बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा होता आणि वामन हा कपटानं राज्य घेणारा. या वाचनावर वाद झाले, आजही होतात. माझं मत विचाराल तर मी उघड सांगतो, त्या आशीर्वादाचा अर्थ फुल्यांना जितका कळला तितका पोथी वाचणाऱ्यांना कळला नाही. पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव, गवळणी घालतात, गुरांना ओवाळतात, विदर्भात गोवारी मंडळी गायगोधन करतात, ढाल पुजतात. हे सगळं गुरं राखणाऱ्यांचं आणि नांगर धरणाऱ्यांचं विश्व आहे. त्याचा राजा बळीच असणार. आणि म्हणून मला सांगा, ज्या यवतमाळात आणि ज्या आदिलाबादेत कापूस पिकवणारा कर्जापायी जीव देतो, तिथे पाडव्याच्या ओवाळणीत हे शब्द उच्चारताना आपला आवाज जरासा तरी अडखळायला नको का?

आता तांड्यावर चला. बंजारा, म्हणजे लमाण, समाजात दिवाळीला मेरा असतो. लग्न न झालेल्या मुली हातात दिवा घेऊन तांड्यातल्या प्रत्येक घरी जातात, घरच्यांना सुख चिंतणारं गाणं म्हणतात आणि वडीलधारे त्यांना ओवाळणी घालतात. इथे पाहुणी बाहेरून येत नाही, आपल्याच तांड्यातली पोर लक्ष्मी होऊन दारी येते. पुढच्या वर्षी कदाचित ती सासरी गेलेली असेल. त्या गाण्यात आनंदाबरोबर जी हुरहुर असते ती त्याची आहे.

आणि दंडारी. याबद्दल या सभागृहात बसलेल्या गोंड आणि कोलाम बांधवांना मी काय सांगणार? पण मराठी मुलांसाठी सांगतो. दिवाळीच्या आधीच गुड्यांवर वाद्यांची आणि गुस्साडीच्या, म्हणजे व्रत घेऊन नाचणाऱ्याच्या, टोपांची पूजा होते आणि दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते. गुस्साडीचा टोप जवळून पाहिलाय का? शेकडो मोरपिसं एकात एक गुंफलेली, बाजूला शिंगं, काठाला आरसे नि झालर. अंगाला राख, खांद्यावर कातडं, गळ्यात माळा, कमरेला घुंगरं, हातात दंड. तो टोप डोक्यावर चढला की माणूस देवाचा झाला. मग त्या दिवसांत तो अंघोळ करत नाही. जरा थांबून विचार करा. चतुर्दशीच्या पहाटे मराठी घरात जो न्हाणार नाही तो नरकात जाईल म्हणून पोरांना ओढून उठवतात, आणि त्याच पहाटे शेजारच्या गुड्यावर गुस्साडी न न्हाता व्रत सांभाळतो. एक पाण्यानं पवित्र होतो, दुसरा राखेनं. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, आणि दोघं एकमेकांच्या दारी गेले की दोघांनाही चहा मिळतो.

दंडारीचा गाभा मला नाचाहून तिच्या प्रवासात दिसतो. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी जाते, आणि ज्या गावाशी सोयरीक जुळू शकते अशा गावी जाण्याची रीत आहे. यजमान गाव पाय धुवायला पाणी देतं, उतरवून घेतं, जेवू घालतं. रात्रभर डफ, तुडुम आणि पेपरे वाजत राहतात. तिथे पोरं-पोरी एकमेकांना पाहतात, म्हातारे एकमेकांची खुशाली विचारतात, जुनी भांडणं मिटतात. गोदावरीकाठी गुडिरेवूला पद्मलपुरी काको या देवीच्या ठाण्यावर दंडाऱ्या जमतात. अवसेनंतर कोलाबोडी हा समारोपाचा विधी झाला की टोप उतरतात. पलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते. पाहुणचाराचा जो धागा मी सकाळपासून मनात घोळवत होतो, तो इतका स्पष्ट मला कुठल्याच पोथीत सापडला नाही. इथे पाहुणा ही कल्पना नाही. इथे गावच्या गावं एकमेकांची पाहुणी होतात.

मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे आपल्याकडच्या मारलवाई गावात राहिले, इथल्या राजगोंडांवर त्यांनी 1948 साली ग्रंथ लिहिला, म्हणून जगाला थोडंफार कळलं. त्याच मारलवाईच्या कनका राजू यांनी गुस्साडीचा नाच 1981 साली दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात नेला, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते 2024 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर गेले. त्यांनी शिकवलेली पोरं नाचतात, ही मोठी गोष्ट आहे. पण नाचामागच्या कथा, गोंडीतली गाणी, कोणत्या गावची दंडारी कोणत्या गावी का जाते याची जुनी कारणं, ही म्हाताऱ्यांच्या मुखातच आहेत. तांड्यावरच्या मेराच्या गाण्यांचंही तेच, आणि आपल्या घरातल्या शेणाच्या पांडवांचंही तेच. आजीला विचारलं नाही तर पुढच्या पिढीला विचारायला कुणी उरणार नाही.

म्हणून गुरुजींच्या शाळेकडे माझी एक मागणी आहे. सातवी ते दहावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत निबंध देऊ नका. त्यांना एकेक कोरी वही द्या. मराठी मुलानं गुड्यावर जावं, गोंड मुलानं तेलुगू घरी जावं, तेलुगू मुलीनं तांड्यावर जावं, आणि तिथल्या थोरांना एकच प्रश्न विचारावा: दिवाळीत तुमच्या दारी कोण येतं? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच भाषेत, देवनागरीत किंवा तेलुगू लिपीत, जशी जमेल तशी नोंद करावी. सांगणाऱ्याचं वय आणि गाव लिहावं. वह्या शाळेच्या कपाटात ठेवाव्यात, कुलूप लावू नये. मुख्याध्यापकांशी मी दुपारी बोललो आहे, त्यांची तयारी आहे. पहिल्या खेपेच्या वह्यांचा खर्च माझ्याकडे लागला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्या शाळेत पोहोचतील.